शून्याची दुप्पट

आमच्या शाखेतले कॅशियर दर मंगळवारी आमच्या फँटसी फुटबॉल लीगचा साप्ताहिक आढावा लिहितात. आम्ही आठ जण. १० कोटी पौंडांत इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधले १५ खेळाडू घ्यायचे. सोसायटीचं कर्ज फेडताना तोंडाला फेस येणारी माणसं हे पैसे चुटकीसरशी उधळतात. आढाव्यातले आकडे चोख, रोकड जुळवल्यासारखे. पण खरी बहार टवाळीत! पहिल्याला एक ओळ, शेवटच्याला सोलायला अख्खा परिच्छेद. हा दोष म्हणावा, तर सगळे आधी तोच वाचतात. मीही. त्यात बहुधा मीच असतो, बरं का.

गेल्या आठवड्यात आई इस्पितळात होती. संघ बदलायचा राहिला. माझ्या कॅप्टनने पेनल्टी घालवली. खेळल्याचे दोन मिळाले, पेनल्टीचे दोन कापले. कॅप्टनचे गुण दुप्पट होतात, म्हणजे शून्याची दुप्पट! एवढं घबाड हाती असून कॅशियरसाहेबांनी लिहिलं काय, तर ‘आठवे : १९ गुण.’ बस. एक कोटी नाही, एक टोमणा नाही. समीक्षक म्हणून सांगतो, अख्ख्या आढाव्यातली ही सर्वांत पडेल ओळ. चार वेळा वाचली.

आता आई घरी आलीय. कॅप्टन मी मुद्दाम तोच ठेवलाय.