पारणं झालेलेच उपवास आपल्याला दिसतात

‘जैन स्त्रिया उपवास का करतात?’ हा प्रश्न घेऊन प्रपोजल लिहायला बसला असाल, तर आधी व्हिटनी केल्टिंग यांचं ‘हिरोइक वाइव्ह्ज’ (२००९) वाचा. आणि वाचून झालं की त्याच्याशी थोडं भांडाही.

आधी काही शब्द नीट समजून घ्या. श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत आयंबिल म्हणजे दिवसातून एकदाच, तूप-तेल-दूध-दही-साखर वगळून केलेलं जेवण. उपवास म्हणजे काहीच खायचं नाही, फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्यास्ताच्या आत. असे सलग आठ दिवस म्हणजे अठ्ठाई, तीस दिवस म्हणजे मासक्षमण. साबुदाण्याची खिचडी डोक्यातून काढून टाका. आपण मराठीत दोन्हीला ‘उपवास’च म्हणतो, म्हणून गोंधळ होतो.

आता वाद. शास्त्र सांगतं की तपाने जुन्या कर्माची निर्जरा होते. पण अठ्ठाईची मिरवणूक निघते, पारण्याला नातेवाईक जमतात, भेटी येतात. मग हे सगळं मोक्षासाठी की घरासाठी? जोसेफिन रेनेल यांनी जयपूरमधल्या अभ्यासावरून एक खणखणीत उत्तर दिलं. ‘द असेंब्ली ऑफ लिसनर्स’ (१९९१) या संग्रहात त्यांचा लेख आहे. पुरुष दान देऊन घराचं नाव राखतात, बायका उपवास करून राखतात. आणि व्यापारी घराचं नाव म्हणजे त्याची बाजारातली पत आणि मुलामुलींची लग्नं. युक्तिवाद पटतो, आणि इतका पटतो की उपवास करणारी बाईच त्यातून गायब होते. ती जणू घराच्या खात्यातली एक जमा!

केल्टिंग इथे वेगळी वाट काढतात. त्यांचं फील्डवर्क मुख्यतः पुण्यातलं, गुजराती बोलणाऱ्या श्वेतांबर मूर्तिपूजक बायकांमधलं. ‘का करता?’ एवढ्यावर त्या थांबत नाहीत. या व्रतासोबत कोणती कथा सांगितली जाते, कोणती गाणी म्हटली जातात, हे बघतात. नवपद ओळीचं उदाहरण घ्या. चैत्र आणि आश्विनात नऊ-नऊ दिवस आयंबिल. सोबतची कथा मयणासुंदरीची: ‘ज्याचं त्याचं सुख आपापल्या कर्मावर’ असं बापाला, म्हणजे राजालाच, ऐकवणारी मुलगी. बाप चिडून तिचं लग्न कुष्ठरोगी श्रीपालशी लावतो, ती सिद्धचक्राची आराधना करते आणि तो बरा होतो. आता सांगा, हे व्रत नवऱ्यासाठी की कर्मसिद्धांत खरा करून दाखवण्यासाठी? कथेत दोन्ही एकाच कृतीत आहे. ‘मोक्ष की सौभाग्य’ हा पर्यायी प्रश्न बायकांचा नव्हे, तो अभ्यासकांचा, हे दाखवणं ही या पुस्तकाची खरी कमाई.

माझं भांडण शीर्षकातल्या ‘हिरोइक’शी आहे. वीरता दिसते ती पार पडलेल्या व्रतात. मिरवणूक, सांजीची गाणी, पारण्याचे फोटो, हा सगळा पुरावा यशस्वी उपवासाचा. अभ्यासक जिथे बोलावलं जातो तिथे जातो, आणि सोडून दिलेल्या उपवासाला कोणी बोलावत नाही. मग सहाव्या दिवशी चक्कर येऊन अठ्ठाई थांबवलेल्या बाईचं काय? गंमत अशी की नियमात तिच्यासाठी दार आहे. पच्चक्खाण पुष्कळदा रोजच्या रोज घेतलं जातं, त्यामुळे पाच दिवसांवर थांबली तर काही मोडत नाही, पाच उपवास पदरात पडतात. पण पत्रिका छापून झाली असेल, माहेरची माणसं निघाली असतील, तर ते दार उघडं राहतं का? हे पारण्याच्या फोटोवरून कधीच कळणार नाही.

हे नुसतं सॅम्पलिंगचं दुखणं समजू नका. २०१६ मध्ये हैदराबादेत ६८ दिवसांच्या उपवासानंतर १३ वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. तिने स्वेच्छेने केलं, असं घरच्यांचं म्हणणं होतं. पोलिसांत गुन्हा दाखल झाला. पुस्तक त्याच्या सात वर्षं आधीचं, त्यामुळे त्याला दोष देत नाही. पण बाईच्या कर्तेपणाचा मान राखणारी भाषा तेरा वर्षांच्या मुलीला तशीच लावली, तर ‘स्वेच्छा’ हा शब्द तपासायची सोयच उरत नाही. आणि रेनेल यांची भाषा लावली तर सगळा दोष घराण्याच्या प्रतिष्ठेवर टाकून आपण मोकळे होतो. तिच्या श्रद्धेला जागाच नाही.

दुसरा आक्षेप केल्टिंग यांच्यावर नाही, त्यांचं पुस्तक वाचून ‘महाराष्ट्रातील जैन’ असं शीर्षक देणाऱ्यांवर आहे. कोल्हापूर-सांगली भागातले मराठी बोलणारे दिगंबर जैन बरेचसे शेतकरी. विलास संगवे यांनी १९५९ च्या सर्वेक्षणात, पुढे मायकेल कॅरिदर्स यांनी लेखांतून या समाजाकडे लक्ष वेधलं आहे. रेनेल यांचा मुद्दा बाजारातल्या पतीवर उभा आहे ना? मग शिरोळच्या ऊस लावणाऱ्या घरात तो टिकतो का, हे जाऊन बघा. मयणासुंदरी तिथेही भेटेल, पण ओळीत नाही; अष्टाह्निकातल्या सिद्धचक्र विधानात. तीच कथा, व्रताची चौकट निराळी. तुलनेसाठी याहून चांगली जागा मिळणं अवघड.

जाणार असाल तर तारखा सांभाळा. श्वेतांबर मूर्तिपूजकांचं पर्युषण भाद्रपद शुद्ध चतुर्थीला संवत्सरीने संपतं. (मूळची पंचमी चतुर्थीवर आणली ती कालकाचार्यांनी, प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजासाठी, अशी परंपरेतली कथा.) दिगंबरांचं दशलक्षण सुरू होतं पंचमीला आणि अनंत चतुर्दशीपर्यंत चालतं. म्हणजे पुण्यातली संवत्सरी उरकून रात्रीच्या गाडीने निघालात, तर जयसिंगपूरला पहिल्या दिवसाच्या पूजेला पोचाल. पण मिरवणुकीच्या मागे लागण्याआधी, यंदा कोणी मध्येच थांबलं का, हे हळूच एखाद्या आजींना विचारा.