कोलमन अहवाल वाचा, पण जपून

"किशोरवयीन विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक संपादणुकीवर कुटुंब व समवयस्कांचा होणारा परिणाम" अशा शीर्षकाची सिनॉप्सिस तुम्ही पाहिली असेलच, कदाचित स्वतःच लिहीत असाल. या विषयाचं वाचन सुरू केलं की जेम्स कोलमन हे नाव टाळता येत नाही. अमेरिकेतल्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार त्याच्या गटाने सुमारे ४,००० शाळांतल्या जवळपास सहा लाख मुलांची पाहणी केली आणि १९६६ मध्ये सातशेहून अधिक पानांचा अहवाल आला. निष्कर्ष धक्कादायक होता. गुणांमधला फरक शाळेच्या इमारती, प्रयोगशाळा, खर्च यांपेक्षा घरची पार्श्वभूमी आणि सोबत शिकणारी मुलं यांच्याशी जास्त जुळत होता.

लोकांनी याचा अर्थ "शाळेने काही फरक पडत नाही" असा लावला. हा अर्थ महागात पडणारा आहे. आपल्याकडेही "घरचं वातावरणच नाही, आम्ही काय करणार" हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत ऐकू येतं. ज्याचे आई-वडील शाळेत गेलेच नाहीत, त्या मुलाला यातून काय मिळतं?

आता हिशेब बघू. अहवालात आधी कुटुंबाचे चल घेतले आणि मग उरलेल्या फरकात शाळेचा वाटा मोजला. पण शिकलेले, ऐपतीचे पालक मुलांना चांगल्या शाळेतच घालतात ना? म्हणजे घर आणि शाळा यांचा काही वाटा सामाईक आहे. पंगतीत आधी बसलेल्याच्या पानात तो सगळा वाढला गेला. १९६८ मध्ये बोल्स आणि लेविन यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. चलांचा क्रम बदलला की शाळेचा वाटा वाढलेला दिसू शकतो. शिवाय घरची माहिती मुलांनीच भरून दिलेली, आणि पाहणी एकाच वेळची. बऱ्याच शाळा तर सहभागीच झाल्या नाहीत.

समवयस्कांचा भाग मला जास्त खटकतो. अहवालातले 'समवयस्क' म्हणजे त्या शाळेतली एकूण मुलं, त्यांची सरासरी. मित्र नव्हेत! गंमत म्हणजे याच कोलमनने १९६१ च्या 'द अ‍ॅडोलसन्ट सोसायटी' या पुस्तकासाठी इलिनॉयमधल्या दहा हायस्कूलांत मुलांना थेट विचारलं होतं, की तुम्ही कोणाबरोबर फिरता आणि तुम्हाला हुशार विद्यार्थी म्हणून लक्षात राहायला आवडेल की खेळाडू म्हणून. मुलगे खेळाडूकडे झुकले. मित्रांचा दबाव समजून घ्यायचा तर मला हे जुनं पुस्तकच जास्त उपयोगी वाटतं, आकडेमोड साधी असली तरी.

पण मित्रांची नावं मिळाली तरी अडचण संपत नाही. माझ्या मित्राचे आणि माझे गुण सारखे आहेत. त्याने मला घडवलं, मी त्याला, की सारखे होतो म्हणूनच मैत्री जमली? की दोघांना एकच चांगले सर होते? १९९३ मध्ये अर्थतज्ज्ञ चार्ल्स मॅन्स्की यांनी याला 'प्रतिबिंबाचा प्रश्न' म्हटलं. माणूस आणि आरशातली आकृती एकदमच हलतात. आरसा कसा काम करतो हे माहीत नसेल तर कोण कोणाला हलवतंय हे नुसतं बघून कळत नाही. आम्हा विज्ञानवाल्यांना प्रयोगशाळेत एक घटक स्थिर धरायची सवय असते. इथे तशी सोय नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नावलीत "माझे मित्र मला अभ्यासाला प्रवृत्त करतात" अशी वीस विधानं, पाचपदी श्रेणी आणि शेवटी दहावीच्या गुणांशी सहसंबंध एवढंच असेल, तर 'परिणाम' हा शब्द शीर्षकातून काढा, 'संबंध' लिहा. 'परिणाम' ठेवायचाच असेल तर मैत्री जमण्याआधीचे गुण मिळवा, म्हणजे नववीत ओळख झालेल्यांचे आठवीचे. आणि शाळेत गेल्यावर सर्वात आधी एक विचारा, की तुकड्या कशा पाडल्यात. गुणांवर पाडल्या असतील तर 'अ' तुकडीतले मित्र हुशार निघणारच. चिठ्ठ्या टाकून किंवा आडनावाच्या अक्षराने पाडल्या असतील, तर ती शाळा सोडू नका.