अपूर्ण पॅकेट-नोंदींचा अर्थनिर्णय : वायरशार्कच्या वाचनपद्धतीची समीक्षा

प्रस्तावना

संगणकजालातील बिघाडाचे निदान करताना पॅकेट-नोंद हा पुरावा मानला जातो. जेरल्ड कोम्ब्स यांनी १९९८ मध्ये ‘इथीरिअल’ या नावाने प्रसिद्ध केलेली आणि २००६ पासून ‘वायरशार्क’ म्हणून ओळखली जाणारी प्रणाली हे त्याच्या वाचनाचे सर्वपरिचित साधन होय. तथापि नोंद नेहमीच संपूर्ण असते असे नाही. अशा प्रसंगी हे साधन कितपत विश्वसनीय ठरते, याचे परीक्षण प्रस्तुत लेखात केले आहे.

अपूर्णतेचे स्वरूप

अपूर्णता मुख्यतः तीन प्रकारांनी उद्भवते. प्रत्येक पॅकेटचे आरंभीचे ठरावीक बाइटच साठविले जाणे, हा पहिला प्रकार. टीसीपीडम्पच्या जुन्या आवृत्त्यांत ही मर्यादा ६८ बाइट होती. इथरनेट, आयपी व टीसीपी यांची किमान हेडरे १४, २० व २० बाइटांची असल्याने संदेशाच्या वाट्याला जेमतेम १४ बाइट उरत. नोंद करणाऱ्या यंत्राकडूनच पॅकेट सुटणे हा दुसरा, तर संभाषण सुरू झाल्यानंतर नोंद आरंभणे हा तिसरा प्रकार. नोंदयंत्रही चुकते, हे व्हर्न पॅक्सन यांनी १९९७ मध्येच दाखवून दिले होते.

गुणविवेचन

वायरशार्कचा मोठा गुण म्हणजे भेददृष्टी. नोंदीत प्रत्येक पॅकेटची मूळ लांबी व साठविलेली लांबी स्वतंत्रपणे लिहिलेली असते. त्या आधारे ‘नोंदताना छाटलेले’ आणि ‘मुळात सदोष’ पॅकेट वेगळे दर्शविले जाते. पाठचिकित्सेत पोथीचे गहाळ पान आणि लेखनिकाचा प्रमाद यांत केला जातो तसाच हा भेद आहे. शिवाय न दिसलेल्या बाइटांची पोच पलीकडून आली असेल, तर ते बाइट पोहोचले होते व केवळ नोंदीतून सुटले, हेही ते सूचित करते.

मर्यादा

खरी अडचण संदेशाची सीमा ठरविताना येते. टीसीपी बाइटांचा क्रम राखते. संदेशांच्या सीमा मात्र राखत नाही. ४००० बाइटांच्या संदेशातील पहिले १४६० बाइट दिसले व पुढील १४६० गहाळ झाले, तरी अनुक्रमांकांवरून उरलेले १०८० बाइट मोजता येतात. आशय हरवतो, सीमा टिकते. परंतु लांबी सांगणारे क्षेत्रच गहाळ झाल्यास पुढील खंडाचा आरंभ हाच संदेशाचा आरंभ समजला जाण्याचा धोका असतो. मग संदेशाच्या मधलेच बाइट लांबी म्हणून वाचले जातात आणि निर्दोष पॅकेटवर ‘सदोष’ असा शिक्का बसतो. एचटीटीपी/२ मधील हेडर-संक्षेपात (२०१५) ही मर्यादा अधिक तीव्र होते. तेथे पूर्वी पाठविलेल्या हेडरांचा पुढे केवळ क्रमांकाने निर्देश होऊ शकतो. आरंभ न नोंदलेल्या संभाषणात अशा क्रमांकांचा अर्थ कोणत्याही कौशल्याने परत मिळत नाही.

निष्कर्ष

‘सदोष’ हा शेरा म्हणजे पाठविणाऱ्या यंत्रावरील आरोपच होय. तो स्वीकारण्यापूर्वी त्याआधीच्या अनुक्रमांकांत खंड आहे काय, हे तपासणे अगत्याचे ठरते. वायरशार्क छाटलेल्या पॅकेटबाबत संयम पाळते. तोच संयम गहाळ खंडानंतरच्या वाचनात पुरेसा आढळत नाही. तेथे अनुमान व वाचन यांतील सीमारेषा स्पष्ट व्हावयास हवी. विद्यार्थ्यांना हे साधन शिकविताना शेऱ्याइतकेच महत्त्व त्यामागील उणिवेलाही देणे आवश्यक आहे.