मुळशी पॅटर्न: कोयता दिसला, खरेदीदार राहिला

प्रवीण तरडेंचा 'मुळशी पॅटर्न' २०१८च्या नोव्हेंबरात आला, तेव्हा आमच्या मावळात कुणी तो शेजारच्या तालुक्याची गोष्ट म्हणून पाहिला नाही. तिकोना ओलांडला की पलीकडचं कोळवण खोरं मुळशीतच येतं, आणि जमीन विकायची रीत दोन्हीकडे एकच. आधी एजंट, मग तारेचं कंपाउंड, मग 'लेक व्ह्यू'चा बोर्ड. गुंठामंत्री हा शब्दही दोन्हीकडचा.

सिनेमातला सगळ्यात खरा क्षण खुनाचा नाहीच. मोहन जोशींनी केलेला बाप स्वतः विकलेल्या जमिनीवर वॉचमन म्हणून उभा राहतो, तो आहे. पुढे पुण्यात मार्केट यार्डातली हमाली. ओम भूतकरचा राहुल उपासमारीने बिघडत नाही. कालपर्यंत घरात मालकी होती, आज पाठीवर पोती आहेत, हे त्याला पचत नाही. महेश मांजरेकरांच्या 'लालबाग परळ'मध्ये (२०१०) गिरणी बंद पडते, पोरं वाया जातात. पण गिरणी बंद होण्यावर बापाची सही नव्हती. इथे खरेदीखतावर आहे. म्हणून राहुलचा राग आधी घरातच फिरतो, बापावर. हे तरडेंना नेमकं सापडलंय आणि त्यासाठी मी हा सिनेमा पुन्हा पाहीन.

पण खरेदीखतावर सह्या दोन असतात. घेणाऱ्यासाठी सिनेमाकडे फार वेळ नाही. एकदा राहुल टोळीत शिरला की कॅमेरा त्याच्या चालीच्या प्रेमात पडतो: स्लो मोशन, ढोल, कोयता. शेवटी गुन्हेगारीचा अंत वाईट असं बजावलं, तरी तोवर पोरांनी चाल उचललेली असते. तुमच्याच फोनवर बघा, रील कशाच्या निघाल्यात. वॉचमन झालेल्या बापाची मला तरी एकही दिसली नाही. हिंदीतल्या 'अंतिम'ने (२०२१) तर सलमान खानच्या पोलिसाला एवढी जागा दिली की जमीन नुसती प्रस्तावना उरली.

बापाचा प्रसंग इतका नीट जमला होता, तर कॅमेरा एकदा त्या बंगल्याच्या आतही न्यायला हवा होता. तिथला मालक आम्हाला अनोळखी नाही. शनिवारी दुपारी लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये तो आमच्या पुढच्याच गाडीत असतो.