शनिवारी पतंजली, रविवारी शंकराचार्य

डिसेंबर लागला की लोणावळा-कर्जतकडच्या योग-शिबिरांची पोस्टर्स व्हॉट्सॲपवर फिरायला लागतात. शुक्रवारी संध्याकाळी पोहोचा, रविवारी जेवून निघा. मधल्या वेळात आसनं, प्राणायाम आणि 'हिंदू तत्त्वज्ञानाची ओळख'. योगावर संशोधन करावं असं बऱ्याच जणांना पहिल्यांदा अशाच ठिकाणी वाटतं, आणि त्यात काही वाईट नाही. पण तिथली वही पीएचडीच्या प्रस्तावात जशीच्या तशी उतरली की अडचण होते. म्हणून गेल्या हिवाळ्यात मी गेले होते त्या शिबिराचं वेळापत्रक आज एखादा ग्रंथ वाचावा तसं वाचू या.

शनिवारी सकाळी सहाला सूर्यनमस्कार आणि आसनं, अकराला 'पतंजलींचं योगदर्शन'. रविवारी पुन्हा आसनं, मग 'आत्मा आणि ब्रह्म एकच'. या सगळ्याला जोडणारं वाक्य दोन्ही दिवस ऐकलं: योग म्हणजे जोडणं, जीवाचं परमात्म्याशी मीलन.

आता तपासा. धातुपाठात 'युज्' एका ठिकाणी जोडणं या अर्थाने येतो, दुसऱ्या ठिकाणी समाधी या अर्थाने. योगसूत्रांवरचं व्यासभाष्य सुरुवातीलाच दुसरा अर्थ घेतं, आणि वाचस्पती मिश्र तो मुद्दाम स्पष्ट करतात. बरं, या दर्शनाचं ध्येय कैवल्य आहे, म्हणजे पुरुषाने प्रकृतीपासून वेगळं होणं. पुरुष अनेक आहेत. ईश्वर हाही एक विशेष पुरुषच, त्याच्यात विलीन वगैरे व्हायचं नाही. मग मीलन आलं कुठून?

याहून मोठी गंमत पुढे आहे. ब्रह्मसूत्रांत (2.1.3) योगमताचं खंडन आहे, आणि तिथे शंकराचार्य योगातलं सांख्य पद्धतीचं द्वैत नाकारतात. साधना त्यांना चालते, तत्त्वज्ञान चालत नाही. म्हणजे रविवारच्या व्याख्यानाने शनिवारचं व्याख्यान खोडून काढलं, आणि हॉलमध्ये कुणाला पत्ताच लागला नाही! माझा आक्षेप एवढाच आहे. शिबिराने दोन दर्शनं एकत्र आणली याला हरकत नाही, त्यांचं भांडण लपवलं याला आहे. वाद काढून टाकला की दर्शनात उरतं काय? सुविचार.

आणि हे एकत्र आणणं शिबिरवाल्यांनी शोधलेलं नाही. सोळाव्या शतकात विज्ञानभिक्षूंनी सांख्य, योग आणि वेदान्त यांचा मेळ घालायचा मोठा प्रयत्न केला, अर्थात अद्वैताशी भांडून. 1896 मध्ये विवेकानंदांचं 'राजयोग' आलं, तिथे पतंजली वेदान्ताच्या चौकटीत बसवलेले दिसतात. 'योगाचं तत्त्वज्ञान काय?' हा संशोधनाचा प्रश्न होत नाही. 'हा मेळ कुणी, कधी, कशासाठी घातला?' हा होतो.

आसनांबद्दल मात्र तुम्ही उलट्या टोकाला जाल अशी भीती आहे. सुमारे 195 सूत्रांपैकी आसन कसं असावं आणि त्याने काय साधतं हे जेमतेम तीन सूत्रांत आहे (2.46 ते 2.48). सूर्यनमस्कारांचा विसाव्या शतकातला प्रसार औंधच्या पंतप्रतिनिधींनी व्यायाम म्हणून केला. मार्क सिंगलटन यांचं 2010 चं 'योगा बॉडी' वाचलं की आधुनिक आसनं म्हणजे निव्वळ जिम्नॅस्टिक्स, असं लिहायचा मोह होतो. (पुस्तक तसं म्हणत नाही, पण परीक्षणं वाचून पुस्तक वाचल्यासारखं करणारे आपल्यात कमी नाहीत.)

तो मोह आवरा. 'हठाभ्यासपद्धती' नावाच्या ग्रंथाचं हस्तलिखित पुण्यातच, भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. काळ बहुधा अठरावं शतक. त्यात 112 आसनं सांगितली आहेत, त्यांतली बरीचशी चांगलीच घाम काढणारी. खुद्द सिंगलटन आणि जेसन बर्च यांनी 2019 मध्ये त्यावर लेख लिहिला. म्हणजे 'सगळं पतंजलींचं' हेही चूक आणि 'सगळं कालपरवाचं' हेही. त्या 112 मध्ये एक गट दोरावर करायच्या आसनांचा आहे. दोरीचा मल्लखांब पाहिला असेल, तर सुरुवात तिथूनच करा.