कोणते पूर्वज विसरायचे?

श्राद्धाच्या वेळी आपण गोत्राचा ऋषी सांगतो आणि वडील, आजोबा, पणजोबा यांची नावं घेतो. मधली सारी माणसं गळतात. आज ज्या नियमाची चिकित्सा करायची आहे, त्याची घडण अशीच आहे.

युजनेट ही संगणकांच्या जाळ्यावरची जुनी चर्चाव्यवस्था. तिथे प्रत्येक संदेशाची स्वतंत्र खूण असते. उत्तराच्या संदेशावर ‘रेफरन्सेस’ नावाची ओळ असते: मूळ संदेशापासून, ज्याला उत्तर दिलं त्याच्यापर्यंत, साऱ्यांच्या खुणा क्रमाने. कुणी म्हणेल, बापाचं नाव पुरे की! नाही पुरत. काही संदेश उशिरा पोचतात, काही पोचतच नाहीत, जुने मुदत संपली की पुसले जातात. बाप सापडला नाही तर आजोबांवरून नातं लागावं, म्हणून ही ओळ.

पण वाद लांबला की ओळही लांबते. १९८७ च्या आरएफसी १०३६ या मानक-दस्तऐवजाने सांगितलं, फार लांब झाली तर कापा, पण मागचे संदर्भ वाजवी संख्येने ठेवायचा प्रयत्न करा. वाजवी म्हणजे किती? ज्याचं त्याने ठरवायचं! २००९ च्या आरएफसी ५५३७ ने हा मोघमपणा काढला. ओळ ९९८ अक्षरांपलीकडे गेली तर कापायलाच हवी. मात्र पहिली खूण आणि शेवटच्या दोन काढायच्या नाहीत. इथवर नियम शहाणपणाचा आहे. उगम राहतो, जवळचं नातंही राहतं.

आमचा आक्षेप आहे तो त्यालाच जोडलेल्या सवलतीवर. मर्यादा ओलांडली नसली, तरी कापायची मोकळीक आहे. का बरं? खूण पन्नासेक अक्षरांची धरा. अठरा-एकोणीस पिढ्या सहज मावतात. जागा असताना विसरणं ही गरज नव्हे, सोय झाली.

आणि फटका बसतो मधल्यांना. वादाला वळण बहुधा मध्येच लागतं, नवी फांदी तिथेच फुटते. शेवटचे दोन संदेश हाती नसले आणि मधल्या खुणा कापलेल्या असल्या, तर उत्तर थेट मुळाला चिकटलेलं दिसतं. ते कोणत्या फांदीवरचं, कुणाच्या म्हणण्यातून निघालेलं, याचा पत्ता लागत नाही. आपल्या दर्शनग्रंथांत आधी पूर्वपक्ष मांडतात, तो याचसाठी. पूर्वपक्ष गाळला की सिद्धान्ताचा नुसता आग्रह उरतो.

श्राद्धात मधली नावं गळतात, कारण ती बहुधा ठाऊकच नसतात. इथे तर ती समोर लिहिलेली होती. म्हणून आमचं म्हणणं एवढंच: ‘कापायलाच हवी’ हे राहू द्या, ‘कापली तरी चालेल’ हे काढा.