तक्त्यातले तांबडे नळ

अंधेरी काय, मुलुंड काय, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत कोंबडीच्या भ्रूणाचा तक्ता ओळखीचा असतो: २४, ४८, ७२ तास. चित्रे रेखीव, पण रक्तवाहिन्या म्हणजे हृदयातून निघालेले तयार तांबडे नळ! विद्यार्थ्याची साहजिकच समजूत होते, की आधी हृदय, मग त्यातून फुटलेले नळ. प्रत्यक्षात पहिल्या वाहिन्या बलकावरच्या पातळ पडद्यात, पेशींची सुटी बेटे जुळून स्वतंत्रपणे घडतात. हृदयाशी त्या मागाहून जोडल्या जातात. पुढे फांद्या कुठे फुटायच्या, हे ठरवण्यात मोठा वाटा शेजारच्या ऊतींतून स्रवणाऱ्या व्हीईजीएफ या वृद्धिघटकाचा. फांदीच्या टोकाची पेशी बारीक बोटे पसरून त्याचा अंदाज घेते आणि जिकडे तो जास्त तिकडे सरकते. मात्राही नेमकीच हवी. १९९६ मध्ये दोन संशोधक गटांनी दाखवले, की या जनुकाच्या दोनपैकी एक प्रत निकामी केली तरी उंदराचा भ्रूण गर्भातच मरतो. (गंमत म्हणजे, याच घराण्यातला घटक पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील सुरेंद्र घासकडबी आणि सहकाऱ्यांना हायड्रात आढळला, आणि हायड्राला तर रक्तवाहिन्याच नाहीत!) तक्ता टाकून देण्याची गरज नाही. ऊतींकडून वाहिन्यांकडे जाणारे बाण शिक्षकांनी त्यावर पेन्सिलीने काढावेत.